शेतातला खड्डा म्हणजे उकिरडा नव्हे



रानात एखादी जागा बशीसारखी खोलगट दिसली, की आपण तिथं धसकटं, मेलेलं जनावर, औषधाचे रिकामे डबे लोटून मोकळे होतो. पण जमिनीखाली चुनखडीचा खडक असेल, तर ही सवय आपल्याच पिण्याच्या पाण्यावर उठते. ते कसे, हे पाहू.

पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कर्बवायू घेऊन किंचित आंबट होते. हे पाणी चुनखडीच्या भेगांत मुरते आणि हजारो वर्षांत खडक विरघळवून आत भुयारे पाडते. मग वरची माती हळूहळू आत ओघळते, नाहीतर छत एकाएकी ढासळते. त्याला विलयविवर म्हणतात. आपण खचखड्डा म्हणू. अशा मुलखाचे नाव कार्स्ट. इथले पाणी मातीतून गाळून न येता सरळ भुयारात उतरते आणि काही तासांत किंवा दिवसांत झऱ्याला, विहिरीला लागते.

मोठा खड्डा कुणालाही दिसतो. हातभर खोल आणि वीस पावले रुंद खड्डा मात्र पिकात लपतो. तो शोधायला उंचीचा नकाशा कामी येतो. विमानातून लेसर किरण सोडतात. किरण जमिनीवरून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून उंची कळते. झाडीच्या फटींतूनही काही किरण जमिनीपर्यंत पोचतात. मग संगणक हिशेब करतो, की प्रत्येक सखल जागा काठोकाठ भरली तर पाणी किती खोल साचेल. वाफ्यात पाणी सोडले की सखल कोपरा आधी भरतो, तसेच हे. तळी, खाणी, रस्त्याच्या भरावामागची डबकी वगळून उरतात ते संशयित खचखड्डे. त्यांची खात्री जागेवर जाऊनच होते.

अमेरिकेतील केंटकी राज्यात फ्लॉइड्स फोर्क ओढ्याच्या पाणलोटात हे काम झाले. २०१४ साली ते प्रसिद्ध झाले. जुन्या नोंदीत ३८३ खचखड्डे होते, नव्या पद्धतीने १,६८३ सापडले. त्यांतले १२१ जागेवर तपासले, तेव्हा किमान ८० टक्के खरे निघाले.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काळा पाषाण आहे, तो असा विरघळत नाही. पण वणी, राजुरा, कोरपना भागात चुनखडी आहे. उपग्रहावरून मिळणाऱ्या फुकट नकाशात एकेक चौकट साधारण ३० मीटरची असते. लहान खड्डा तिच्यात हरवतो. म्हणून चुनखडीच्या रानात आपली नजरच पहिला नकाशा.

एवढे करा:

१. पाऊस उघडल्यावर रानातून फिरा. पाणी भोवरा करून कुठे गडप होते, ते पाहून ठेवा.

२. त्या खड्ड्यात कचरा, मेलेले जनावर, औषधाचे डबे टाकू नका. भोवती गवताचा पट्टा राखा आणि त्यात खत-औषध मारू नका.

३. नवा खड्डा पडला किंवा जुना वाढू लागला, तर जनावरे आणि ट्रॅक्टर लांब ठेवा. आत उतरू नका.

४. ग्रामपंचायतीला आणि जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयाला कळवा. जवळच्या विहिरीचे पाणी तपासून घ्या.

खड्ड्यात टाकलेले डोळ्याआड होते, पण हंड्यात परत येते. हे पत्रक वाचून शेजाऱ्यालाही द्या.