ऊन तळपतंय, मग पंखा बंद कसा?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

वैशाखातली दुपार. वर्ध्याचं ऊन म्हणजे काय, ते वर्धेकरांना सांगायला नको. अशा दुपारी ओळखीच्या एका काकांचा फोन आला. नुकतीच त्यांनी घरावर तीन किलोवॉटची सौर यंत्रणा बसवली होती. आवाजात राग होता. म्हणाले, "सर, ऊन तं आग ओकून राह्यलं, अन् लाइन गेली तं आपला पंखाबी बंद! कावून? छतावर वीज आपली, मंग बंद काहून पडली?"

काकांचा प्रश्न रास्त आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राची 'पीएम सूर्यघर' योजना आली. तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं आणि गावोगावी छतांवर निळ्या-काळ्या पाट्या दिसू लागल्या. त्याबरोबर हा प्रश्नही घरोघरी आला. याचं उत्तर अभियांत्रिकीच्या मुलांना परिपथांच्या पहिल्या काही धड्यांतच शिकवलं जातं. धडा असतो स्वतंत्र उगम आणि परावलंबी उगम यांचा.

उगम म्हणजे जिथून विद्युतदाब किंवा प्रवाह मिळतो ती जागा. मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी घ्या. दिवा लावा, हॉर्न वाजवा, हिशेबापुरती ती १२ व्होल्टच देते. बाकीच्या परिपथात काय चाललंय, हे ती विचारत नाही. हा झाला स्वतंत्र उगम. परावलंबी उगमाचं तसं नाही. त्याचं मूल्य परिपथातल्या दुसऱ्या कुठल्या तरी दाबावर किंवा प्रवाहावर ठरतं. ट्रान्झिस्टर हे त्याचं नेहमीचं उदाहरण. एका पायातून चिमूटभर प्रवाह आत गेला, की दुसऱ्या पायातून त्याच्या शंभरपट वाहू शकतो. पण ती चिमूट थांबली, की शंभरपटही थांबले. शून्याची शंभरपट शून्यच!

विद्यार्थी हमखास एक प्रश्न विचारतात. "सर, स्वतंत्र उगम काढून त्याच किमतीचा परावलंबी उगम बसवला तर काय बिघडलं?" चला, करून पाहू. १२ व्होल्टची बॅटरी, तिला ४ ओहम आणि २ ओहमचे दोन रोध एकामागे एक जोडलेले. एकूण रोध ६, म्हणून प्रवाह २ अँपिअर. २ ओहमच्या रोधावर ४ व्होल्ट पडतात. आता बॅटरी काढा आणि तिच्या जागी असा उगम ठेवा, की जो त्या २ ओहमवरच्या दाबाच्या तिप्पट दाब देतो. चार त्रिक बारा! कागदावर सगळं जुळलं.

पण जरा थांबा. या नव्या परिपथात दर अँपिअरमागे उगम ६ व्होल्ट देतो आणि दोन रोध मिळून ६ व्होल्टच खातात. जमा सहा, खर्च सहा. मग प्रवाह २ अँपिअरच का? ५ का नाही? शून्य का नाही? हिशेब तिन्हींना जुळतो. म्हणजे परिपथाला स्वतःचं उत्तरच उरलं नाही. आता ४ ओहमच्या जागी ५ ओहम घाला. बॅटरी असती तर १२ भागिले ७, म्हणजे सुमारे १.७ अँपिअर वाहिले असते. परावलंबी उगमाची मात्र जमा सहा आणि खर्च सात. प्रवाह थेट शून्य. किंमत सारखी असली म्हणून स्वभाव सारखा होत नाही, तो असा.

आता काकांच्या छतावर जाऊ. पाट्यांची वीज एकाच दिशेने वाहते. ती घरातल्या विजेसारखी करायचं काम इन्व्हर्टरचं. हा इन्व्हर्टर आधी बाहेरच्या लाइनकडे पाहतो. तिथे २३० व्होल्ट आहेत का, सेकंदाला ५० आवर्तनं आहेत का, लाट नेमकी कुठल्या क्षणी चढते, हे मोजतो आणि त्या तालावर आपला प्रवाह आत ढकलतो. ताकद सूर्याची, पण ताल लाइनचा. हा ताल धरतात कोराडी, चंद्रपूरसारख्या वीज केंद्रांतली मिनिटाला ३००० फेरे घेणारी अवाढव्य यंत्रं. २०१३ च्या ३१ डिसेंबरला दक्षिणेचं जाळंही जोडलं गेलं, तेव्हापासून सारा देश एकाच तालावर चालतो. काकांचा इन्व्हर्टर हा या तालाचा परावलंबी. लाइन गेली, ताल गेला, तोही थांबला.

तो थांबतो हे बरंच आहे. समजा थांबला नाही. दुरुस्तीसाठी लाइनमन खांबावर चढलाय. त्याच्या मते लाइन बंद आहे. पण काकांच्या छतावरची वीज उलटी डीपीपर्यंत गेली, तर तिथला ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे पलीकडे हजारो व्होल्ट करू शकतो. म्हणून लाइन जाताच साधारण दोन सेकंदांत इन्व्हर्टरने स्वतःला तोडून घ्यावं, असा नियम आहे.

यात एक मेख आहे. समजा त्याच क्षणी छतावरची वीज आणि आसपासच्या घरांचा वापर अगदी बरोबरीत आहे. म्हणजे आपलं ते जमा सहा, खर्च सहा! दाबही बदलत नाही, तालही हलत नाही. इन्व्हर्टरला वाटेल, लाइन आहेच. यावर इंजिनिअरांनी युक्ती काढली. अनेक इन्व्हर्टर तालाला मुद्दाम हलकासा धक्का देऊन पाहतात. पलीकडे देशाचं जाळं असेल तर ते ढिम्म हलत नाही. जाळं नसेल तर ताल सरकतो आणि इन्व्हर्टर समजून जातो.

मग आपली वीज आपल्याला मिळावी कशी? त्यासाठी बॅटरीसह असा इन्व्हर्टर लागतो, जो लाइन जाताच घर बाहेरच्या तारेपासून पूर्ण तोडतो आणि मग स्वतः ताल धरतो. म्हणजे परावलंबी उगमाला तेवढ्यापुरतं स्वतंत्र करायचं. खर्च वाढतो, हे खरं. शेतातला सौर पंप लाइनला जोडलेला नसतो. त्याचा कंट्रोलर स्वतःचा ताल स्वतः ठरवतो. म्हणून लाइन नसतानाही तो पाणी उपसतो.

१९३६ साली गांधीजी ज्या सेगावात राहायला आले, ते पुढे सेवाग्राम झालं. स्वावलंबन हा शब्द आमच्या जिल्ह्याला नवा नाही. पण स्वावलंबी कोण आणि परावलंबी कोण, हे यंत्र घेण्याआधी विचारून घ्यावं. "लाइन गेल्यावर हे चालेल का?" एवढा एकच प्रश्न. उत्तर 'नाही' असेल, तरी यंत्रणा खोटी नाही. बिल ती कमी करतेच.

आणि एक विनंती. लाइन गेली म्हणून जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटात खुपसून घर चालवू नका. चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. काकांनाही मी हेच सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे माह्या पंख्यापायी खांबावरचा पोरगा जायचा होता? राहू द्या मंग बंद. बसतो लिंबाखाली."