सेवेला निघण्यापूर्वीची तयारी

सिएरा लिओनचा मुख्य विमानतळ लुंगीला आहे आणि राजधानी फ्रीटाउन खाडीच्या पलीकडे. रात्रीच्या विमानाने उतरलेला स्वयंसेवक डॉक्टर बोटीची वाट पाहत बसतो, तेव्हाच तिथले डास त्याला चावू लागतात. मलेरिया प्रतिबंधक गोळ्या निघण्यापूर्वी सुरू केल्या असतील तर ठीक. ‘पोहोचल्यावर बघू’ असे ठरवले असेल, तर उशीर झालेला असतो.

अशा स्वयंसेवकांपैकी अनेक जण ‘ग्लोबल मर्सी’ या रुग्णालय-जहाजावर जातात. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या ‘मर्सी शिप्स’ या ख्रिस्ती संस्थेचे हे जहाज २०२३ मध्ये फ्रीटाउनच्या धक्क्याला लागले. लांबी १७४ मीटर, मजले १२, शस्त्रक्रियागृहे ६. मोतीबिंदू, दुभंगलेला ओठ, वर्षानुवर्षे वाढलेल्या गाठी यांवर इथे विनामूल्य शस्त्रक्रिया होतात. सर्जनपासून स्वयंपाक्यापर्यंत बहुतेक सगळे स्वयंसेवक, आणि तेही स्वतःच्या खर्चाने आलेले.

हेतू उत्तम असला तरी शरीराला तो कळत नाही. पश्चिम आफ्रिकेत जाणाऱ्याला पीतज्वराची लस घ्यावीच लागते. तिचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होते. आता ते आयुष्यभर चालते. भारतीयांना यातून जराही सूट नाही. पीतज्वराचा विषाणू आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, म्हणजे डेंग्यूचाच डास, घरोघरी आहे. त्यामुळे प्रमाणपत्राशिवाय परतणाऱ्याला ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस जिवंत विषाणूची असते आणि साठीनंतर तिचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता वाढते. सेवाकार्याला सवड मिळते ती बहुधा निवृत्तीनंतरच, हा यातला विचित्र योग. म्हणून हा निर्णय तिकीट काढण्याआधी, डॉक्टरांशी बोलून घ्यायचा.

मलेरियाबाबत आपल्या मंडळींचा एक खास गैरसमज असतो, ‘आम्ही डासांतच वाढलो.’ पुण्या-मुंबईत वाढलेल्याला तिथल्या फॅल्सिपेरम मलेरियापासून कोणतेही संरक्षण नसते. डॉक्सिसायक्लिन घेत असाल, तर परतल्यानंतरही ४ आठवडे ती चालू ठेवावी लागते. बहुतेक जण नेमके तिथेच चुकतात.

पण लस केवळ जाणाऱ्याच्या रक्षणासाठी नसते. गोवराची लस न घेतलेली एखादी परिचारिका कुपोषित मुलांच्या कक्षात गेली, तर काय होईल? हैतीत २०१० च्या भूकंपानंतर काही महिन्यांनी कॉलरा पसरला, तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरून. जवळपास १० हजार माणसे गेली. मदतीला आलेल्यांकडूनच रोग आला होता. म्हणून क्षयाची तपासणी, हिपॅटायटिस-बी आणि गोवराची लस या गोष्टी कागदी सोपस्कार नव्हेत. जहाजावर आणखी एक पद्धत आहे: रुग्णाला रक्त लागले, तर कर्मचारीच रक्तदाते होतात. तिथे रक्तगटासाठी थेट शेजारच्या केबिनचे दार वाजवले जाते.

औषधांच्या बॅगेचेही तसेच. घरातल्या उरलेल्या पट्ट्या, मुदत संपत आलेले नमुने गोळा करून नेण्याचा मोह टाळायला हवा. दान केलेल्या औषधाची पोहोचल्यावर किमान वर्षभराची मुदत शिल्लक असावी आणि लेबल तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना वाचता यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अन्यथा त्यांची विल्हेवाट लावण्याचा भुर्दंड यजमानांवर पडतो.

सर्वांत अवघड तयारी वेगळीच आहे. शस्त्रक्रिया तासाभराची, पण जखम भरायला आठवडे लागतात. दोन आठवड्यांसाठी आलेला सर्जन परत गेल्यावर टाके कोण काढणार, पू झाला तर रुग्णाने कुणाकडे जायचे? याचे उत्तर नसेल, तर ती शस्त्रक्रिया न करणे हेच बरे. ज्यांचे दुखणे जहाजावर बरे होण्यासारखे नसते, त्यांना तसे तोंडावर सांगावे लागते; कित्येक तास प्रवास करून आलेल्या आईला ‘नाही’ म्हणणे हेही शिकूनच यावे लागते. आपल्या मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उभे करणारे डॉ. विल्यम वॉन्लेस मिशनरीच होते, पण ते जवळजवळ चार दशके भारतात राहिले. त्यांचा रुग्ण पुन्हा दारात आला, तर डॉक्टर तिथेच असत. पाहुण्या पथकाला ही सोय स्थानिक डॉक्टरांकडूनच मिळू शकते.

आणि ते डॉक्टर कोण, हेही माहीत असायला हवे. २०१४ च्या इबोला साथीत केनेमाच्या सरकारी रुग्णालयात रुग्णांवर उपचार करताना डॉ. शेख उमर खान मृत्युमुखी पडले. त्या साथीत सिएरा लिओनने सुमारे ४ हजार माणसे गमावली, त्यांत आरोग्य कर्मचारीही पुष्कळ होते. तिथे शिकवायला जाणाऱ्याने आधी त्यांचे ऐकावे.

श्रद्धेचा प्रश्नही तितकाच नाजूक. देश बहुसंख्य मुस्लिम आहे. स्वयंसेवकाने आपली प्रार्थना जरूर करावी, मात्र शस्त्रक्रियेच्या यादीत नाव लागावे म्हणून कुणालाही मान डोलवावी लागू नये. टेबलावर झोपलेल्या माणसाचा होकार हा कधीच पूर्ण मोकळा नसतो.

तिथल्या क्रिओ भाषेत भेटल्यावर विचारतात, ‘हाऊ दि बॉडी?’ म्हणजे, शरीर कसे आहे? परतल्यावर तीन महिन्यांच्या आत ताप आला, तर हाच प्रश्न स्वतःला विचारावा, त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे, ‘मी आफ्रिकेतून आलोय.’