पुढच्या शनिवारी कोण येणार?

एका सकाळी सहा हजार माणसं गोळा करणं आपल्या वऱ्हाडाला जमतं. जिन्यातला बल्ब बदलायला मात्र एक माणूस सापडत नाही!

13 जानेवारी 2018. शनिवार, आणि त्यात भोगी. अशा दिवशी भल्या सकाळी घराबाहेर दिसलेला अकोलेकर एक तर मॉर्निंग वॉकवाला असतो, नाही तर गाडी पकडायला निघालेला. त्या दिवशी मात्र सहा हजारांहून जास्त माणसं मोर्णेच्या काठावर हजर होती. कॉलेजची पोरं, शाळकरी मुलं, रिटायर्ड काका, साडीचा पदर खोचलेल्या काकू आणि शंभरावर सामाजिक संस्था. जिल्हाधिकारी आस्तिककुमार पाण्डेय यांच्या पुढाकारानं 'स्वच्छ मोर्णा' मोहीम सुरू झाली होती. पहिल्या टप्प्यात चार किलोमीटरच्या पट्ट्यात चौदा ठिकाणी काठ साफ झाले. 28 जानेवारीला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला आणि अकोल्याची कॉलर एकदम टाईट!

त्या उल्लेखात एक साधं वाक्यही होतं. नदी पूर्ण स्वच्छ होईपर्यंत दर शनिवारी सकाळी हे काम चालणार. 20 जानेवारीला ते झालंही. खरी स्टोरी मला या 'दर शनिवारी'मध्ये दिसते, कारण मोर्णेत भरलेली जलकुंभी ही काही एका वीकएण्डची पाहुणी नाही. मूळची दक्षिण अमेरिकेची ही वनस्पती उबदार, साचलेल्या आणि सांडपाण्यानं 'खाऊ' पुरवलेल्या पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. वरची काढली तरी तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. म्हणजे नाल्यांचं पाणी नदीत येतंय तोवर तुम्ही काढत राहायचं आणि ती येत राहणार. पुढच्या वर्षांत तो हिरवा गालिचा मोर्णेवर पुन्हा अंथरला गेलाच.

मग ती सकाळ फुकट गेली? मला तसं वाटत नाही. सहा हजार लोकांनी आपल्या शहरातली नदी पहिल्यांदा पुलावरून नव्हे, तर काठावर उतरून पाहिली, हे छोटं काम नाही. पण साफसफाई आणि देखभाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साफसफाईचे फोटो निघतात. देखभालीचे कोण काढणार?

आपल्याला नेटानं काही जमतच नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. याच अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी कावड-पालखी निघते. पोरं गांधीग्रामला जाऊन पूर्णेचं पाणी खांद्यावर घेतात आणि सतरा-अठरा किलोमीटर अनवाणी चालत राजराजेश्वराला आणतात. सुमारे आठ दशकांची ही परंपरा मोहल्ल्यामोहल्ल्यातली मंडळं चालवतात. वर्गणी, हिशेब, कोणाच्या खांद्याला कोण बदली देणार, सगळं ठरलेलं असतं. (शहरातून मोर्णा वाहते आणि जल आणायचं पूर्णेवरून, हाही एक विचार करण्यासारखा मुद्दा! अर्थात, मोर्णाही पुढे पूर्णेलाच मिळते.)

त्याच पूर्णेच्या काठी, अमरावती जिल्ह्यातल्या ऋणमोचनला गाडगेबाबांनी घाट बांधला. बाबा गावात शिरले की दिवसभर हातात खराटा आणि कीर्तन रात्री. त्यांचं नाव आपण विद्यापीठाला दिलं, नगराला दिलं. तो क्रम मात्र आपण अलगद उलटा केला. आता आधी भाषण, मग फोटो, आणि उरलाच वेळ तर झाडू.

'मी तं लिफ्ट वापरतच नाही!'

आता नदीवरून थेट तुमच्या जिन्यात येऊ. अमरावती असो की अकोला, बऱ्याच फ्लॅट स्कीमचं चित्र सारखंच. बिल्डर गेला, वॉचमन गेला, टेरेसच्या दाराची चावी कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नाही. मीटिंगला बारापैकी चार जण येतात आणि त्यातला एक ग्राउंड फ्लोअरवाला पहिल्या पाच मिनिटांत हा डायलॉग मारतो, 'मी तं लिफ्ट वापरतच नाही, मी कायले पैसे देऊ?'

भाऊ, द्यावे लागतात. तुमची स्कीम 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली असेल, तर जिना, टेरेस, लिफ्ट, पार्किंगची मोकळी जागा यांत प्रत्येकाचा अविभाजित हिस्सा असतो. 'मी ही सोय वापरत नाही' किंवा 'माझा फ्लॅट बंद आहे' म्हणून सामायिक खर्चातून सुटका नाही, असं कायदाच म्हणतो. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल, तर आदर्श उपविधीही तेच सांगतात. लिफ्ट वापरा, नका वापरू, खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांना सारखा.

फरक आहे तो वाटणीत, आणि भांडणंही तिथंच होतात. सोसायटीत झाडू, लाईट, वॉचमन असा सेवाखर्च प्रत्येक फ्लॅटमागे सारखा पडतो. अपार्टमेंटमध्ये घोषणापत्रात तुमच्या फ्लॅटसमोर जी टक्केवारी लिहिली असेल, त्या हिशेबानं. त्यामुळे शेजारच्या बिल्डिंगचा नियम आपल्या मीटिंगमध्ये फेकण्याआधी आपलं रजिस्ट्रेशन कशाखाली झालंय ते पाहून घ्या. निम्मी भांडणं तिथंच मिटतील. उरलेली निम्मी पार्किंगची असतात. त्यावर इलाज माझ्याकडे नाही!

पैशाचं म्हणाल, तर आकडा वाटतो तेवढा भयंकर नाही. उपविधींनुसार सोसायटीचा सिंकिंग फंड वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती निधी 0.75 टक्के. तुमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च 10 लाख धरला, तर वर्षाचे 2,500 आणि 7,500. दोन्ही मिळून महिन्याला साधारण 833 रुपये. मल्टिप्लेक्समध्ये दोघांनी सिनेमा पाहून पॉपकॉर्न खाल्ले की एवढे उडतात. पण हे 833 दर महिन्याला जमा झाले नाहीत, तर पंधरा वर्षांनी टेरेस गळायला लागते. मग एकदम लाखाची वर्गणी निघते आणि ती द्यायला कोणी तयार नसतं. वरच्या मजल्यावाल्याच्या छतातून पाणी, खालचा म्हणतो, 'माह्या घरात तं काही गळत नाही.' गळती अशीच एकेक मजला खाली उतरते.

फ्लॅट नको, प्लॉट घेतो म्हणणाऱ्यांनीही फार खूश होऊ नये. तुमच्या ले-आऊटमध्ये एक 'ओपन स्पेस' असतो. डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये 10 टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. एका एकरात ती होते सुमारे 4,300 चौरस फूट. बिल्डरच्या नजरेतून पाहिलं, तर तीनेक प्लॉट! आता ही जागा पाच वर्षं कोणी साफच केली नाही, तर काय होतं? आधी कोपऱ्यात मलबा पडतो, मग एक टपरी येते, मग कुंपण. तेव्हा तक्रार करायला जाल, तर पहिला प्रश्न येईल की तुम्ही कोण, तुमचं मंडळ नोंदलेलं आहे का?

लोक चिकाटीनं लढले तर जिंकतातही. बंगळुरूच्या एका वसाहतीत पार्कसाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली गेली. रहिवासी कोर्टात गेले आणि 1991 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. मोकळी जागा ही चैन नाही, शहराची गरज आहे, असा त्या निकालाचा सूर. पण कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा दोन बाकडी, दहा कडूलिंबाची झाडं आणि रोज संध्याकाळी खेळणारी पोरं हा जास्त स्वस्त बंदोबस्त. वापरातल्या जागेवर सहसा कोणी हात टाकत नाही.

यात आपली पिढी कुठे आहे? खरं सांगायचं तर हिंजवडीत. फ्लॅट अमरावतीत, आई-बाबा तिथं आणि आपण पुण्यात. सोसायटीचा सेक्रेटरी सत्तरीचा, हिशेब वहीत, आणि आपल्याला ऑनलाइन पेमेंटची सवय. जे काम आपण लॅपटॉपवर अर्ध्या तासात करू, ते काका महिनाभर करत बसतात. फ्लॅट भाड्यानं दिला असेल तर एक माहिती. 1 ऑगस्ट 2001 च्या सरकारी आदेशानुसार सोसायटीला बिनभोगवटा शुल्क सेवाखर्चाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. जास्त मागत असतील तर जरूर भांडा. मात्र तेवढ्यासाठीच सोसायटीची आठवण येत असेल, तर काकांनी तोंड फिरवलं तर रागावू नका.

सहकारी सोसायटीची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी निघते. त्याच सुमाराला घरी महालक्ष्म्या बसतात आणि पुण्याहून येणाऱ्या ट्रॅव्हल्स फुल्ल असतात. आंबिल-पुरणाला तुम्ही येणारच आहात. सेक्रेटरी काकांना आजच फोन करून सांगा, सभा त्या दोन-तीन दिवसांत ठेवा म्हणावं. आणि मागच्या तीन वर्षांचा हिशेब आधी व्हॉट्सॲपवर मागवून घ्या. वही आहे म्हणतील, तर पानांचे फोटो चालतील.