शून्य-शून्य-दोन : पिकलबॉलचे गुण मोजतात तरी कसे?

पिकलबॉलच्या दुहेरी सामन्यात पहिली सर्व्हिस करण्यापूर्वी खेळाडू मोठ्याने पुकारतो, ‘झिरो-झिरो-टू’. अजून चेंडूला पॅडल लागलेले नाही, एकही गुण झालेला नाही, मग हा ‘दोन’ आला कोठून, असा प्रश्न नवख्या प्रेक्षकाला पहिल्या क्षणीच पडतो. हा खेळ शिकणे सोपे असल्याचे सर्वत्र सांगितले जाते आणि ते खरेही आहे. अर्ध्या तासात सर्व्हिस जमते, तासाभरात रॅली रंगू लागते. गुणांचा हिशेब मात्र अनेकांना महिनाभर खेळूनही नीट उमगत नाही आणि मैत्रीपूर्ण सामन्यांतील निम्मे वाद त्यातूनच उद्भवतात.

मुंबईचे सुनील वालावलकर यांनी १९९९ मध्ये कॅनडात हा खेळ प्रथम पाहिला आणि पुढे तो भारतात आणला. त्यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये अखिल भारतीय पिकलबॉल संघटना स्थापन झाली. तेव्हा हौसेपुरता असलेला हा खेळ आता स्पर्धा, लीग आणि तासाच्या भाड्याने मिळणारी कोर्टे येथवर पोहोचला आहे. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने एप्रिल २०२५ मध्ये इंडियन पिकलबॉल असोसिएशनला राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली. हौशी खेळाडू स्पर्धेत उतरू लागला की ‘साधारण एवढे गुण झाले असतील’ ही सवलत संपते. तेथे गुण अचूक पुकारणे हाही खेळाचाच भाग असतो.

पारंपरिक पद्धतीचा पाया एका वाक्यात सांगता येतो : ज्याची सर्व्हिस, त्यालाच गुण. सर्व्हिस न करणाऱ्या जोडीने रॅली जिंकली तर तिच्या खात्यात काहीही जमा होत नाही. प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस काढून घेणे एवढेच तिच्या हाती असते. डाव ११ गुणांचा असतो आणि किमान दोन गुणांच्या फरकाने जिंकावा लागतो. त्यामुळे १०-१० झाल्यास खेळ १२, १३ किंवा त्याहूनही पुढे लांबतो. बहुतेक स्पर्धांत तीनपैकी दोन डाव जिंकणारा विजयी ठरतो, तर काही ठिकाणी १५ किंवा २१ गुणांचा एकच डाव खेळवला जातो.

दुहेरीत पुकारल्या जाणाऱ्या तीन आकड्यांपैकी पहिला सर्व्हिस करणाऱ्या जोडीच्या गुणांचा आणि दुसरा समोरच्या जोडीच्या गुणांचा असतो. तिसरा आकडा गुणांचा नसतोच. सर्व्हिस करणारा आपल्या जोडीतील पहिला की दुसरा, एवढेच तो सांगतो. प्रत्येक जोडीला आपल्या पाळीत दोन सर्व्हिसकर्ते मिळतात. पहिल्याने रॅली गमावली की सर्व्हिस जोडीदाराकडे जाते आणि त्यानेही गमावली की समोरच्या जोडीकडे. या हस्तांतराला ‘साइड आऊट’ म्हणतात. हे ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ क्रमांक डावभर चिकटून राहत नाहीत. पाळी आली की त्या क्षणी उजव्या बाजूला उभा असलेला खेळाडू ‘एक’ होतो. मागच्या पाळीतला ‘दोन’ या पाळीत ‘एक’ असू शकतो. गोंधळाचे मूळ बहुधा येथेच असते.

आता त्या आरंभीच्या ‘दोन’कडे वळू. डावाची पहिली सर्व्हिस मिळालेल्या जोडीला दोन्ही सर्व्हिसकर्ते दिले, तर समोरच्यांना संधी मिळण्यापूर्वीच ती बरीच पुढे निघून जाईल. म्हणून डावाच्या पहिल्या पाळीत त्या जोडीला एकच सर्व्हिसकर्ता मिळतो. पहिला जणू आधीच बाद झाला आहे असे मानून ‘दोन’पासून आरंभ होतो.

एक छोटे उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. एका बाजूला अ आणि ब, दुसऱ्या बाजूला क आणि ड. अ आणि क आपापल्या उजव्या बाजूला उभे आहेत. अ ‘०-०-२’ पुकारून तिरकी सर्व्हिस करतो आणि त्याची जोडी रॅली जिंकते. गुण १-०-२. अ आता डावीकडे सरकतो, ब उजवीकडे येतो आणि अ डावीकडून ड याला सर्व्हिस करतो. पुन्हा यश मिळते, २-०-२, आणि अ परत उजवीकडे येतो. तिसरी रॅली मात्र ते हरतात. जोडीला एकच सर्व्हिसकर्ता होता, म्हणून थेट साइड आऊट.

आता सर्व्हिस क याच्याकडे, कारण तो उजवीकडे आहे. पुकारा होतो ०-२-१. आकड्यांची जागा बदलली हे लक्षात घ्यावे, कारण सर्व्हिस करणाऱ्याचे गुण नेहमी आधी येतात. क-ड रॅली जिंकतात, १-२-१, आणि ते दोघे बाजू बदलतात. पुढची रॅली ते गमावतात, १-२-२. आता ड सर्व्हिस करतो, आणि जेथे उभा आहे तेथूनच, म्हणजे उजवीकडून. तीही रॅली गेली की सर्व्हिस परत अ-ब यांच्याकडे येते आणि गुण पुकारले जातात २-१-१. एव्हाना सहा रॅली झाल्या, गुण मात्र तीनच नोंदले गेले.

जागा बदलण्याचा नियमही या उदाहरणात आलाच आहे : गुण मिळाला तरच बाजू बदलायची, आणि तीही फक्त सर्व्हिस करणाऱ्या जोडीने. सर्व्हिस घेणारे हलत नाहीत. यातून पडताळणीचा एक सोपा मार्ग निघतो. डावाच्या आरंभी उजवीकडे असलेला खेळाडू आपल्या जोडीचे गुण सम असताना (०, २, ४...) उजवीकडेच असला पाहिजे आणि विषम असताना डावीकडे. तो चुकीच्या बाजूला दिसला, तर एक तर गुण चुकले आहेत किंवा जागा. स्पर्धांमध्ये या खेळाडूच्या मनगटावर ओळखीची पट्टी बांधतात, ती याचसाठी. एकेरीत हा सारा व्याप नाही. तेथे तिसरा आकडाच नसतो आणि आपले गुण सम असतील तर उजवीकडून, विषम असतील तर डावीकडून सर्व्हिस करायची असते.

ही पद्धत कोणाला विचित्र वाटत असेल, तर चाळिशी ओलांडलेल्या बॅडमिंटनपटूंना ती वाटणार नाही. बॅडमिंटन २००६ पर्यंत जवळपास असेच मोजले जाई. पुरुषांचा आणि दुहेरीचा डाव १५ गुणांचा, गुण फक्त सर्व्हिसवर, दुहेरीत प्रत्येक पाळीला दोन सर्व्हिसकर्ते, आणि डावाच्या आरंभी पहिल्या जोडीला एकच. साम्य योगायोगाचे नाही. जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅक्कलम यांनी १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील बेनब्रिज बेटावर हा खेळ आकाराला आणला, तो एका जुन्या बॅडमिंटन कोर्टावर. पिकलबॉलचे कोर्ट आजही बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढेच, म्हणजे ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असते. जाळी तेवढी खाली आली. बॅडमिंटनमध्ये ती मध्यभागी पाच फुटांवर असते, पिकलबॉलमध्ये ३४ इंचांवर.

आणि बॅडमिंटनची वंशावळ पाहू गेल्यास वाट पुन्हा भारतात येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या लष्करी छावणीत ब्रिटिश अधिकाऱ्यांनी या खेळाचे आरंभीचे नियम बांधले आणि काही काळ तो ‘पूना’ या नावानेच ओळखला गेला. त्याच सुमारास दक्षिणेत, व्यंकोजीराजांच्या वंशजांच्या तंजावरात, फुलाऐवजी लोकरीच्या चेंडूने असाच खेळ खेळला जात होता. तेथील राजघराण्यात तो १८५६ च्या सुमारास खेळला जात असल्याचे सांगितले जाते. हाच आजचा बॉल बॅडमिंटन. वारा किंवा ओल असली की ब्रिटिशही फुलाऐवजी लोकरीचा चेंडू पसंत करीत.

तंजावरपासून सुमारे ४० किलोमीटरवरील कुंभकोणम हे त्याच मराठी वारशातले गाव. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव येथेच जन्मले. उघड्या मैदानावर, वाऱ्याचा अंदाज घेत चेंडू मारण्याची सवय असलेल्या या भागातील बॉल बॅडमिंटनपटूला पिकलबॉलचा छिद्रांचा प्लास्टिक चेंडू फारसा परका वाटू नये. कोर्ट मात्र लहान वाटेल, कारण बॉल बॅडमिंटनचे मैदान २४ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद असते आणि एका बाजूला पाच-पाच खेळाडूही उतरतात. याउलट कुंभकोणमसारख्या शहरात बॅडमिंटनचे कोर्ट आखलेले असेल, तर पिकलबॉलच्या बाहेरच्या रेषा आयत्याच मिळतात. जाळी खाली करायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना सात फुटांवर ‘किचन’ची रेषा आखायची, एवढेच काम उरते.

बॅडमिंटनने सोडलेली पद्धत पिकलबॉलने का धरून ठेवली, याचे उत्तर या खेळाच्या दुसऱ्या एका नियमात दडले आहे. सर्व्हिसचा चेंडू समोरच्याने एक टप्पा पडल्यावरच मारायचा आणि त्याने परतवलेला चेंडूही सर्व्हिस करणाऱ्या जोडीने टप्पा पडल्यावरच मारायचा, असा हा दोन टप्प्यांचा नियम आहे. परिणामी सर्व्हिस घेणारी जोडी चेंडू परतवून लगेच किचनच्या रेषेपर्यंत धावू शकते, तर सर्व्हिस करणारी जोडी मागे अडकून पडते. जाळीजवळचा खेळाडू या खेळात नेहमी वरचढ असतो. टेनिसमध्ये सर्व्हिस हे अस्त्र आहे. येथे सर्व्हिस करणारा रॅलीच्या आरंभी थोडा तोट्यातच असतो. म्हणून गुण फक्त त्यालाच देण्याला अर्थ आहे : अडचणीच्या जागेवरून रॅली जिंकून दाखवा, तरच गुण.

या पद्धतीचा स्वभाव असा की १०-३ अशी पिछाडीही निर्णायक नसते. समोरच्याची सर्व्हिस काढून घेत राहिले तर तो दहावरच खिळून राहतो. बॅडमिंटनच्या जुन्या जाणत्या प्रेक्षकांना याच रंगतीची आठवण येते. १९५६ मध्ये परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर हे सांगलीचे सुपुत्र याच पद्धतीत घडले. त्यांचे पुत्र, टेनिसपटू गौरव नाटेकर हे २०२५ च्या आरंभी मुंबईत झालेल्या वर्ल्ड पिकलबॉल लीगच्या संस्थापकांपैकी एक आहेत, हा मात्र योगायोग.

रंगतीची दुसरी बाजू वेळेची आहे. सर्व्हिस इकडून तिकडे फिरत राहते आणि गुणफलक जागचा हलत नाही. ११ गुणांचा डाव दहा मिनिटांत संपेल की अर्ध्या तासात, हे आयोजकाला आधी सांगता येत नाही. एकाच कोर्टावर दिवसभरात अनेक सामने बसवायचे असतील किंवा प्रक्षेपणाची वेळ ठरलेली असेल, तर ही अनिश्चितता परवडत नाही. व्हॉलीबॉल आणि स्क्वॉशनेही हा मार्ग सोडला. बॅडमिंटनने २००६ मध्ये २१ गुणांची रॅली पद्धत स्वीकारली, म्हणजे सर्व्हिस कोणाचीही असो, रॅली जिंकणाऱ्याला गुण.

पिकलबॉल आता त्याच वळणावर उभा आहे. अमेरिकेतील मेजर लीग पिकलबॉलने २१ गुणांची रॅली पद्धत रुजवली आणि तेथील राष्ट्रीय संघटनेनेही २०२५ च्या नियमावलीत काही प्रकारच्या स्पर्धांसाठी तिला तात्पुरती मुभा दिली. रॅली पद्धत आली की दुसरा सर्व्हिसकर्ता आणि त्याच्याबरोबर तिसरा आकडा नाहीसा होतो आणि पुकारा दोन आकड्यांवर येतो. नवख्याची सोय होते हे निश्चित. परंतु सर्व्हिस करणाऱ्याचा तो मूळचा तोटा तसाच राहतो आणि आता त्याची किंमत थेट गुणांत मोजावी लागते. दोन्ही पद्धती एकाच वेळी चालू असल्याने स्थानिक स्पर्धेत उतरणाऱ्याने पहिल्या सर्व्हिसपूर्वीच कोणती पद्धत लागू आहे हे विचारून घेणे इष्ट.

पद्धत कोणतीही असो, पुकारा पूर्ण झाल्यावरच सर्व्हिस करायची आणि ती दहा सेकंदांच्या आत करायची असते. गुण चुकीचे पुकारले गेल्याचे कोणाच्या लक्षात आले, तर सर्व्हिस परतवली जाण्यापूर्वी खेळ थांबवून दुरुस्ती मागता येते. चेंडू परतवल्यानंतर त्यासाठी खेळ थांबवला, तर थांबवणारा ती रॅली गमावतो. लीग सामन्यांच्या रॅली पद्धतीत जुन्याचा एक अंशही टिकला : तेथे इतर गुण कोणाच्याही सर्व्हिसवर मिळत, डाव संपवणारा शेवटचा गुण मात्र स्वतःच्याच सर्व्हिसवर मिळवावा लागे.