नेट कोणाचे घ्यावे? आधी तार कुठून येते ते पाहा

आमच्या घरात शुक्रवारची दुपार अम्मींची असते. जुम्याची नमाज झाली, जेवणे उरकली की चार वाजता ओटीवरच्या टेबलावर टॅब्लेट उभा करायचा. आपले चार म्हणजे कुवेतचे दीड. भाईजानही नमाज पढून, जेवून तिकडे बसलेले असतात. बावीस वर्षे झाली त्यांना तिकडे जाऊन. आधी एसटीडी बूथवर रांग लावावी लागे, मग मोबाइल आला, आणि आता अम्मींना मुलाचा चेहरा दिसतो. त्यांच्या दृष्टीने नेट म्हणजे एवढेच. आम्ही उर्दू शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे आमची शाळेची ऑनलाइन कामे असतात. मुलीचा अभ्यास असतो, मुलाचे क्रिकेट असते. पण घरातले नेट खरे कोणासाठी, हे आम्हांला एका मे महिन्यात कळले.

त्या शुक्रवारी भिंतीवरच्या डबीवर लाल दिवा लागला आणि अकरा दिवस तो लालच राहिला. कंपनीला फोन केला की "तुमची तक्रार नोंदवली आहे" एवढेच उत्तर मिळे. सातव्या रात्री अम्मींना धाप लागली. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना दापोलीला नेले. धावपळीत आम्ही ठरवले की भाईजानना सकाळी सांगू, उगाच रात्रभर जीव टांगणीला नको. पण त्याच रात्री ते घरच्या टॅब्लेटवर पुन्हा पुन्हा फोन लावत होते. आमच्या चिऱ्याच्या भिंतींत मोबाइललाही रेंज येत नाही. शेवटी त्यांना बातमी कळली ती कुवेतमधल्याच आपल्या गावच्या एका माणसाकडून.

अम्मी चार दिवसांत बऱ्या होऊन घरी आल्या, अलहमदुलिल्लाह. भाईजान आमच्यावर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "माझ्या आईची तब्येत मला तिसऱ्याकडून कळली. पैसे मी पाठवतो, पण कनेक्शन असे घ्या की गरजेला चालेल."

मग आम्ही शोधाला लागलो. आमच्यासारख्या गावांत आणि लहान शहरांच्या कडेच्या वस्त्यांत राहणाऱ्यांना हा अनुभव उपयोगी पडेल म्हणून तो इथे मांडत आहोत.

दोन नावे, एक तार

पहिला विचार साहजिक होता: ही कंपनी सोडायची, दुसरी घ्यायची. गावात पर्याय तीन. एक आमची जुनी कंपनी, दुसरी केबल टीव्हीवाल्यामार्फत येणारी आणि तिसरी बिनतारी, जी छपरावर अँटेना लावून मोबाइल टॉवरवरून नेट देते. आम्ही केबलवाल्याकडे जायला निघालो तर वाटेत आमचा जुना विद्यार्थी भेटला. तो आता याच लाइनींवर काम करतो. तो म्हणाला, "सर, नाव बदलेल, पण तार त्याच रस्त्याने येते."

त्याने आम्हांला गाडीवर बसवून दाखवले. दोन्ही कंपन्यांच्या तारा तालुक्याच्या गावाहून एकाच रस्त्याने, बऱ्याच ठिकाणी एकाच खांबांवरून येतात. पऱ्ह्याच्या साकवाजवळ त्या वेगळ्या होतात. रस्ता रुंद करताना जेसीबीने तोडल्या त्या साकवाच्या अलीकडे, म्हणजे दोन्ही एकदम. आम्ही कंपनी बदलली असती तरी तो शुक्रवार तसाच गेला असता.

हे नीट कळण्यासाठी थोडी रचना समजून घेतली पाहिजे. पूर्वी टेलिफोन एक्सचेंजमधून प्रत्येक घरी तांब्याच्या तारांची एक जोडी यायची. त्याच जोडीवर ब्रॉडबँड आले. तांब्यात अंतर वाढले की वेग घटतो. एक्सचेंजच्या दारातल्या घराला जे मिळे, ते तीन-चार किलोमीटरवरच्या घराला मिळत नसे, आणि पावसात जोडात पाणी गेले की उरलेलेही जाई. आता काचेच्या धाग्याची, म्हणजे फायबरची तार येते. एक्सचेंजमधल्या यंत्रातून एक धागा निघतो आणि वाटेत एका लहान डब्यात तो ३२ किंवा ६४ घरांना वाटला जातो. वीस किलोमीटरपर्यंतही त्यावर वेग टिकतो. म्हणजे अंतराचा प्रश्न मिटला, पण एकाच वाटेचा प्रश्न राहिला. मुख्य धागा तुटला की त्याच्यावरची सगळी घरे एकदम बंद पडतात.

म्हणून आमचा पहिला सल्ला असा: कंपनीचे पत्रक वाचण्याआधी तार कुठून येते ते विचारा. एक्सचेंज किंवा केबलवाल्याची खोली कुठे आहे, तिथपर्यंत मुख्य तार कोणत्या रस्त्याने येते, आणि दुसऱ्या बाजूनेही तार आहे का? दुसरी बाजू असेल तर एकीकडे तुटले तरी दुसरीकडून नेट चालू राहते. हे लाइनमनला ठाऊक असते. विचारले की तो सांगतो.

तुटल्यावर कोण येतो?

तार तुटणारच. झाड पडेल, माकडे उड्या मारतील, गणपतीपूर्वी रस्ते खणले जातील. प्रश्न असा की जोडायला कोण येतो आणि कुठून येतो. फायबर जोडायला खास यंत्र लागते. हाताने पीळ मारून ते जोडता येत नाही. ते यंत्र आणि ते चालवणारा माणूस तुमच्या गावापासून किती लांब आहे, हे वेगाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

आम्ही यासाठी सोपा उपाय केला. मशिदीबाहेर, किराणा दुकानात आणि शिक्षकांच्या खोलीत, ज्याच्याकडे जे कनेक्शन आहे त्याला एकच प्रश्न विचारला: "गेल्या पावसाळ्यात किती वेळा बंद पडले आणि किती दिवसांनी सुरू झाले?" "कसे आहे?" असे विचारले की सगळे "बरे आहे" म्हणतात. दिवस विचारले की खरे उत्तर मिळते. तुमच्याच वाडीतल्या, तुमच्याच खांबावरच्या चार घरांना विचारा. शहरातल्या मेहुण्याचा अनुभव इथे कामाचा नाही, कारण त्याचे एक्सचेंज वेगळे, तार वेगळी आणि दुरुस्ती करणारा माणूसही वेगळा.

आकड्यांचा अर्थ

पत्रकावर १०० एमबीपीएस लिहिलेले असते. हे मेगाबिट असतात, मेगाबाइट नव्हेत. आठ बिटचा एक बाइट, म्हणजे १०० एमबीपीएसवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतील. सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला. पत्रकातले मोठे आकडे "पर्यंत" या शब्दासह असतात, हे विसरू नये.

घराला किती वेग हवा? साध्या व्हिडिओ कॉलला एक-दोन एमबीपीएस पुरतात, स्वच्छ चित्राच्या व्हिडिओला साधारण पाच. पाच-सहा माणसांच्या घराला ३० ते ५० एमबीपीएस भरपूर झाले. त्याहून अधिक वेगासाठी दिलेल्या पैशाने लाल दिवा हिरवा होत नाही. वरच्या दिशेचा वेग मात्र जरूर विचारा, कारण कॉलमध्ये आपला चेहरा पलीकडे पोहोचतो तो त्याच वेगाने. वेग स्वतः मोजायचा असेल तर ट्रायचे मायस्पीड हे ॲप आहे. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊ वाजता मोजा. रात्री सगळी वाडी नेटवर असते, खरी परीक्षा तेव्हाच होते.

"अनलिमिटेड" या शब्दालाही हद्द असते. अनेक योजनांत महिन्याला ३३०० जीबीनंतर वेग कमी होतो. एवढे घरात सहसा संपत नाही, पण स्वस्त योजनेत ही हद्द बरीच खाली असू शकते. किमतीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ४९९ रुपयांची योजना ५८८ रुपये ८२ पैशांना पडते. डबीचे पैसे परत मिळणारे आहेत की नाही, हे पावतीवर लिहून घ्या. वर्षाचे एकदम भरले तर स्वस्त पडते, पण पहिल्याच वर्षी तसे करू नका. एक पावसाळा महिन्याच्या हिशेबाने जाऊ द्या.

दोष घरातलाही असतो

कधी कधी कंपनी निर्दोष असते. चिऱ्याच्या जाड भिंतीतून वायफाय जाताना अशक्त होते. डबीत बहुधा दोन लहरी असतात. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंतीला थकणारी. २.४ ची हळू, पण लांब जाणारी. माजघरात अडत असेल तर दुसरी निवडा, आणि डबी कपाटामागे न ठेवता घराच्या मध्यावर उंच लावा.

विजेचेही तसेच. जुन्या टेलिफोनला वीज एक्सचेंजमधून तारेवरूनच येत असे, म्हणून दिवे गेले तरी तो वाजायचा. फायबरच्या डबीला घरची वीज लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्याकडे वीज किती दिवस नव्हती, हे दापोली-मंडणगडच्या वाचकांना सांगायला नको. तेवढ्या मोठ्या संकटाला इलाज नाही, पण रोजच्या दोन-तीन तासांसाठी डबीपुरता लहान बॅटरी बॅकअप बाजारात मिळतो. तो घेताना डबीवर लिहिलेले व्होल्ट जुळवून पाहा.

दिव्यांची भाषाही घरात सगळ्यांना शिकवा. "लॉस" लिहिलेला दिवा लाल असेल तर बाहेरची तार तुटली आहे किंवा प्रकाश येत नाही. तो दिवा बंद आणि बाकीचे नेहमीसारखे असतील, तर डबी एकदा बंद करून चालू करा.

तक्रार केली की क्रमांक मागून तारखेसह लिहून ठेवा. तोडगा निघाला नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत जाता येते आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. टेलिफोन कंपन्यांविरुद्ध ग्राहक मंचातही दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. पण क्रमांक नसेल तर तुमच्या हातात काहीच नाही. त्या अकरा दिवसांत आम्ही रोज फोन केला आणि एकही क्रमांक लिहिला नाही. मराठीचा तास घेणाऱ्याने लिहायचा आळस केला!

आम्ही काय केले?

शेवटी आम्ही केबलवाल्याचे फायबर घेतले. वेग तिघांत कमी, पण जोडणारा माणूस शेजारच्या वाडीत राहतो. दुसरी सोय म्हणून वेगळ्या कंपनीचे सिम घेतले. घेण्याआधी त्या विद्यार्थ्याला विचारले की डोंगरावरच्या त्या टॉवरला नेट कसे येते. तो म्हणाला, तारेने नाही, डिशने, समोरच्या टॉवरवरून. म्हणजे साकवाजवळ काही तुटले तरी हे चालेल. दुसरे कनेक्शन घ्यायचे ते दुसऱ्या वाटेचे, नुसत्या दुसऱ्या नावाचे नाही. ते सिम आम्ही जुन्या फोनमध्ये घालून माडीच्या खिडकीत ठेवले, कारण रेंज तिथेच येते. आणि एका कागदावर भाईजानचा नंबर, शेजाऱ्यांचा नंबर आणि "रात्र असो, दिवस असो, आधी कळवा" असे लिहून तो डबीशेजारी चिकटवला.

गेल्या श्रावणात एका शुक्रवारी दिवा पुन्हा लाल झाला. दुपारचे तीन वाजले होते. केबलवाल्याला फोन केला, क्रमांक लिहून घेतला आणि माडीवरच्या फोनवरून टॅब्लेट जोडला. चार वाजता भाईजान आले, पण चित्र धूसर होते आणि मध्येच थांबत होते. आम्ही म्हटले, संध्याकाळपर्यंत तार जोडतील, मग बोलू या का? अम्मींनी हातानेच आम्हांला गप्प केले आणि टॅब्लेट जवळ ओढला.

"दिसत नाहीस, पण ऐकू येतोस," त्या म्हणाल्या. "बोल, जेवलास का?"