विंडोज बदललं आणि मॅटर फुटलं

मराठी पुस्तकं आणि अंक कंपोज करणाऱ्या अनेक जुन्या डीटीपी केंद्रांत एक संगणक वेगळा ठेवलेला असतो. त्याला इंटरनेट जोडलेलं नसतं. त्यावर विंडोज एक्सपी आणि पानं लावण्याचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर असतं आणि मागे पंचवीस पिनांच्या प्रिंटर पोर्टमध्ये हार्डवेअर लॉक खोचलेलं असतं. रोजचं काम नव्या यंत्रावर चालतं. पण वीस वर्षांपूर्वीच्या कादंबरीची पुढची आवृत्ती काढायची ठरली की हेच यंत्र सुरू करावं लागतं, कारण त्या कादंबरीचं मॅटर दुसरीकडे उघडत नाही, आणि उघडलं तरी वाचता येत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो आणि ही आवृत्ती फक्त ६४-बिट स्वरूपात मिळते. म्हणजे अनेकांना यंत्रच बदलावं लागलं. ‘नवीन विंडोज टाकलं आणि फॉन्ट उडाले’ ही तक्रार मराठी छपाईच्या व्यवसायाला नवी नाही. एक्सपी गेलं तेव्हा ती ऐकू आली, विंडोज ७ गेलं तेव्हाही आली. दर वेळी दोष विंडोजच्या माथी मारला जातो. माझ्या मते विंडोज हे निमित्त आहे. खरं दुखणं आपण मराठी मजकूर ज्या रीतीने साठवला त्या रीतीत आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय १९९० नंतरच्या दोन दशकांतलं मराठी छापील साहित्य संगणकावर टिकणार नाही.

आल्डस कंपनीचं पेजमेकर १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आलं आणि १९८७ मध्ये विंडोजवर. त्या काळी संगणकाच्या फॉन्टमध्ये २५६ घरं असत. रोमन लिपीला ती पुरून उरत. देवनागरीची जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, वेलांट्या, उकार हे सगळं त्यात बसवायचं तर अक्षरांचे तुकडे करणं भाग होतं. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञानातून भारतीय लिप्या संगणकावर आणल्या आणि १९९१ मध्ये इस्की हे प्रमाणकही ठरलं. त्यात अक्षर अक्षर म्हणून साठवलं जाई आणि त्याचा आकार ठरवण्याचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलेलं असे. ही पद्धत योग्य होती. पण पेजमेकरला इस्की कळत नव्हतं, त्याला फक्त फॉन्टमधलं घर कळत होतं.

म्हणून मराठी पॅकेजं लिहिणाऱ्यांनी वेगळी वाट काढली. ऑपरेटर कळ दाबतो, पॅकेज ती मधेच पकडतं आणि पेजमेकरला त्या अक्षराचे तुकडे पुरवतं. पेजमेकरच्या दृष्टीने पानावर परदेशी चिन्हांची एक निरर्थक माळ असते आणि फॉन्ट त्या माळेला मराठीचं रूप देतो. त्या काळी दुसरा मार्गच नव्हता. सी-डॅकचं आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, बंगळुरूचं आकृती अशा पॅकेजांमुळे तालुक्याच्या गावातला मुद्रकही सुबक मराठी पान लावू लागला. हे मोठं काम होतं आणि ते करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

त्याची किंमत मात्र नंतर कळली. ‘निर्मिती’ हा शब्द घ्या. आज युनिकोड या प्रमाणकात तो आपण उच्चारतो त्या क्रमाने आठ संकेतांत साठवला जातो: न, ऱ्हस्व वेलांटी, र, हलन्त, म, पुन्हा ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये तो डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने असे, म्हणजे आधी वेलांटी आणि मग न. मधली वेलांटी आणि रफार मिळून बहुधा एकच तुकडा होई. ग, ण, श यांसारखी अक्षरं कित्येक फॉन्टांत अर्धं अक्षर अधिक काना अशी दोन घरांतून जुळवली जात. शिवाय कोणता तुकडा कोणत्या घरात ठेवायचा हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवी. त्यामुळे एका पॅकेजमधलं मॅटर दुसऱ्याचा फॉन्ट लावला की फुटायचं. फाइल, फॉन्ट, पॅकेज आणि ऑपरेटिंग सिस्टिम या चारही गोष्टी जागेवर असतील तेव्हाच मराठी मजकूर अस्तित्वात येई. चौघांतला एक हलला की मजकूर नाहीसा.

घरांच्या क्रमांकांतही काही जागा धोक्याच्या होत्या. १६० क्रमांकाचं घर विंडोजच्या लेखी न तुटणारी मोकळी जागा, तर १७३ हे ओळीच्या शेवटीच दिसणारं संयोगचिन्ह. तिथे अर्धा ष किंवा एखादी मात्रा बसवली असेल, तर काही प्रोग्रॅममध्ये ती दिसतच नाही. १२८ क्रमांक रिकामा होता, विंडोज ९८ च्या सुमारास तिथे युरो चलनाचं चिन्ह आलं. विंडोज २००० आणि एक्सपीपासून घराघरांतली यंत्रंही आतून युनिकोडवर चालू लागली, त्यामुळे जुन्या प्रोग्रॅमचं प्रत्येक अक्षर एका तक्त्यातून बदलून पुढे जाऊ लागलं. १२८ ते १५९ या पट्ट्यातल्या तुकड्यांना या बदलाचा सर्वाधिक फटका बसतो. वर्डमध्ये तर आणखी वेगळा घोळ होतो. वाक्याचं पहिलं रोमन अक्षर आपोआप मोठं करण्याची त्याची सवय जुन्या फॉन्टच्या मॅटरवर चालली की एका तुकड्याच्या जागी भलताच तुकडा येतो आणि मुद्रितशोधकाला वाटतं ऑपरेटरने चूक केली.

लॉकचा प्रश्न याहून कठीण आहे. चोरटी नक्कल होऊ नये म्हणून पॅकेजबरोबर हार्डवेअर लॉक दिलं जाई. ते ओळखण्यासाठी ड्रायव्हर लागतो, आणि ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बसतो. ६४-बिट विंडोजला ६४-बिट ड्रायव्हरच लागतो, आणि विंडोज व्हिस्टाच्या ६४-बिट आवृत्तीपासून त्यावर डिजिटल स्वाक्षरीही सक्तीची झाली. विंडोज ११ च्या नव्या यंत्रांवर मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण बहुधा आधीपासून सुरू असतं. तेही काही जुने ड्रायव्हर अडवतं. नवा ड्रायव्हर मिळाला नाही तर रीतसर पैसे मोजून घेतलेलं पॅकेजही सुरू होत नाही. पॅरलल पोर्ट तर नव्या यंत्रांवरून जवळजवळ गेलंच आहे.

जे प्रोग्रॅम १६-बिट होते त्यांचा मार्ग ६४-बिट विंडोजने पूर्णच बंद केला. मायक्रोसॉफ्टने दिलेलं कारण तांत्रिक आहे. ६४-बिट विंडोजमध्ये खिडक्या, फाइली वगैरेंच्या अंतर्गत ओळखक्रमांकांचे ३२ बिट अर्थपूर्ण असतात, १६ बिटांत ते कापून बसवले तर माहिती हरवते. यातून एक चमत्कारिक अडचण उभी राहते. नव्वदच्या दशकातले काही प्रोग्रॅम स्वतः ३२-बिट असले तरी त्यांची सीडीवरची इन्स्टॉलर फाइल १६-बिट असे. काही प्रचलित इन्स्टॉलर विंडोज ओळखतं आणि त्यांच्या जागी आपला ३२-बिट इन्स्टॉलर चालवतं. बाकीच्यांच्या बाबतीत चालू शकणारा प्रोग्रॅम दारातच अडतो.

पेजमेकर ७ हे २००१ मध्ये आलेलं शेवटचं पेजमेकर. ते ३२-बिट असल्यामुळे खटपट करून नव्या विंडोजवरही चालवलं जातं. पण ते लिहिलं गेलं तेव्हा प्रोग्रॅमने प्रोग्रॅम फाइल्समधल्या आपल्याच फोल्डरमध्ये काहीही लिहिलं तरी चालत असे. व्हिस्टाने २००७ मध्ये ती मोकळीक काढून घेतली. प्रोग्रॅमने तिथे लिहिलेली फाइल विंडोज गुपचूप वापरकर्त्याच्या व्हर्च्युअल स्टोअर या फोल्डरमध्ये वळवू लागलं, आणि एकाच यंत्रावर दोघांना दोन वेगळ्या सेटिंग्ज दिसू लागल्या. यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. तसं केलं की पेजमेकर नीट चालतं, पण मराठी टाइप होईनासं होतं. कारण व्हिस्टापासूनच कमी अधिकाराच्या प्रोग्रॅमला जास्त अधिकाराच्या प्रोग्रॅमकडे जाणाऱ्या कळा पकडता येत नाहीत, आणि मराठी पॅकेज नेमकं तेच करत असतं. मग पॅकेजही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच चालवावं लागतं. ही जोडी लक्षात न आल्यामुळे फॉन्ट पुन्हा टाक, विंडोज पुन्हा टाक अशी मेहनत वाया जाते.

संथपणाचं कोडंही असंच. व्हिस्टा आलं तेव्हा यंत्र नवं, प्रोसेसर वेगवान, तरी जुन्या प्रोग्रॅमचं पान सरकवताना अडखळे. जुने प्रोग्रॅम पडद्यावर चित्र काढण्यासाठी जीडीआय ही विंडोजची सोय वापरत. एक्सपीत तिला ग्राफिक्स कार्डाची मदत मिळे. व्हिस्टाच्या नव्या डेस्कटॉपमध्ये ती मदत गेली, रेखाटनाचा भार प्रोसेसरवर आला आणि प्रत्येक खिडकीची आणखी एक प्रत मेमरीत राहू लागली. विंडोज ७ ने ती जादा प्रत काढली आणि काही क्रियांना कार्डाची मदत परत दिली. विंडोज ७ जुन्या यंत्रांवरही हलकं वाटलं, त्याला हेही एक कारण होतं.

जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून मायक्रोसॉफ्टने खूप कष्ट घेतले आहेत, हे न सांगणं अन्याय होईल. सिमसिटी हा खेळ मोकळी करून टाकलेली मेमरी पुन्हा वाचत असे. जुन्या विंडोजवर ते खपून जाई. विंडोज ९५ वर तो कोसळू लागला तेव्हा सिमसिटी चालू आहे का हे पाहून मेमरीचं वाटप वेगळ्या रीतीने करणारा खास कोड विंडोजमध्ये घातला गेला. पण एवढी मेहनत बाजारातला खप पाहूनच होते. शिवाय विंडोज अशा प्रोग्रॅमभोवती जी ठिगळं लावतं ती वापरकर्त्याच्या पातळीवरच्या प्रोग्रॅमपुरती असतात, गाभ्यातल्या ड्रायव्हरपर्यंत ती पोचत नाहीत. मराठी पॅकेज कळा पकडण्यासाठी आणि लॉक तपासण्यासाठी विंडोजच्या आत खोलवर शिरलेलं होतं, म्हणून विंडोज बदलल्याचा घाव त्याच्यावर सर्वांत खोल बसला.

युनिकोडमुळे यातलं बरंच निस्तरलं. देवनागरीला तिथे १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला आणि विंडोज २००० पासून मंगल हा फॉन्टही आला. एक्सपीत त्यासाठी रीजनल सेटिंगमध्ये एका चौकोनावर खूण करून विंडोजची सीडी घालावी लागे. ती सीडी कार्यालयात कुणाकडेच नसे आणि मराठी पुन्हा जुन्या फॉन्टमध्येच टाइप होई. विंडोज १० ने मंगल मूळ संचातून काढून ऐच्छिक केला. फक्त इंग्रजी निवडलेल्या नव्या यंत्रावर मंगलमधलं पत्र निर्मला यूआय या फॉन्टमध्ये दिसतं, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी तुटतात, चार पानांचं प्रकरण पाचव्या पानावर जातं. पण मजकूर शाबूत राहतो. जुन्या पद्धतीत आणि या पद्धतीत हा फरक फार मोठा आहे, आणि पानांच्या हिशोबासाठी हळहळणाऱ्यांनी तो विसरू नये.

जुनं मॅटर युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर आहेत, पण ते चालवून काम संपत नाही. वेलांटी अक्षराच्या मागे न्यायची, रफार पुढे आणायचा, अर्धं अक्षर आणि काना जोडायचा, हे नियम बहुतेक ठिकाणी बरोबर लागू पडतात. फसतात ते संस्कृत अवतरणांत, कवितेत, इंग्रजी शब्द मधे आले की. आणि मराठीचा ‘ऱ्य’ आहेच. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे वेगळे शब्द. त्यातला दुसरा युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. एकीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. कन्व्हर्टरने कोणता निवडला हे पाहून सगळ्या संग्रहात पहिली रीत ठेवली पाहिजे.

घाई आता दुसऱ्या टोकाकडूनही आहे. पानं लावण्याच्या इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरमध्ये सीएस६ आवृत्तीपर्यंत पेजमेकरच्या ६ आणि ७ च्या फाइली थेट उघडत, त्यानंतरच्या इनडिझाइनने ती सोय काढली. टाइप १ जातीच्या फॉन्टांची सोय अडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या प्रोग्रॅममधून बंद केली. म्हणून ज्यांच्याकडे एक्सपीचं यंत्र अजून सुरू आहे त्यांनी पहिलं काम करावं ते पीडीएफ काढण्याचं, फॉन्ट आत बसवून. त्यातून निदान पान कसं होतं याचा पुरावा राहतो. दुसरं काम हार्ड डिस्कची संपूर्ण प्रतिमा घेऊन ती व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून पाहण्याचं. यूएसबी लॉक तिथे सहसा पोचवता येतं, प्रिंटर पोर्टच्या लॉकची खात्री नाही. मजकुराचं रूपांतर त्यानंतर, आणि प्रत्येक पुस्तकामागे एक माणूस मुद्रितं वाचायला ठेवून.

प्रकाशकांच्या संघटनांनी आणि साहित्य संस्थांनी पॅकेज बनवणाऱ्यांकडे एक मागणी करायला हवी: विक्री आणि देखभाल बंद झालेल्या प्रत्येक फॉन्टचा, कोणत्या घरात कोणता तुकडा आहे याचा पूर्ण तक्ता सर्वांसाठी खुला करा आणि जुन्या आवृत्त्यांचं लॉक काढून द्या. त्यांना यात गमावण्यासारखं फारसं नाही. तो तक्ता हातात असेल तर एखादा विद्यार्थीही काही दिवसांत त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लिहू शकतो. तो नसेल तर प्रत्येक घर छापील पुस्तकाशी ताडून बघत शोधावं लागतं, आणि तसं शोधू शकणारे, कोणत्या कळेवर कोणता तुकडा येतो हे बोटांना पाठ असलेले ऑपरेटर आता निवृत्त होत आहेत.