पाणी उतरलं की भिगवण फुलतं

उजनी धरण भरल्याची बातमी आली की सोलापूरकडच्या ऊसवाल्यांचा जीव भांड्यात पडतो. धरणाकाठच्या कुंभारगावचे नावाडी मात्र पाणी उतरायची वाट बघत असतात. रोहित पक्ष्यांना, म्हणजे आपल्या फ्लेमिंगोंना, उथळ पाणी आणि पायाखाली गाळ लागतो. तुडुंब धरण त्यांच्या कामाचं नाही. डिसेंबर-जानेवारीत काठ उघडे पडू लागले की इथला हंगाम रंगतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत टिकतो.

भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. क्षमता ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत. भिंत माढा तालुक्यात, फुगवटा पार दौंडच्या बाजूपर्यंत. कागदोपत्री नाव यशवंतसागर, बोलण्यात नुसती उजनी. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर भिगवण, तिथून आत कुंभारगाव किंवा डिकसळ. पहाटेच पोहोचावं. ऊन चढलं की पाणी चकाकायला लागतं आणि फोटोही बिघडतात, डोकंही.

आमचा नावाडी पन्नाशीचा, जातिवंत मासेमार. वडिलांची जमीन याच पाण्याखाली गेलेली. आधी जाळं टाकायचा, आता हंगामात पर्यटक फिरवतो आणि एरवी पुन्हा जाळं. थवा दिसला की तो लांबूनच इंजिन बंद करतो आणि बांबू गाळात रोवत होडी पुढे रेटतो. शेजारच्या होडीतून कोणीतरी पक्षी उडवायला शिट्ट्या मारत होतं. हा पुटपुटला, "पाखरं उठवली तर ह्यांना फोटू मिळंल, पण मागनं येणाऱ्यानं काय बघायचं?" मग बांबूने दिशा दाखवत त्याने एकेक ओळख करून दिली: डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, भगव्या अंगाचे चक्रवाक, आणि वाळक्या बाभळीवर बसलेली मीनघार. रोहित चोच उलटी करून पाणी गाळत होते. शेवाळ आणि बारीक कोळंबीवर्गीय जीव खाऊनच त्यांना तो गुलाबी रंग येतो, हे त्याने एखाद्या मास्तराच्या ऐटीत सांगितलं. पुस्तक कुठलं वाचलंस, विचारलं तर म्हणाला, "पुण्याचे साहेब लोक बोलत्यात, मी ऐकतो."

पाणी फारच खाली गेलं की पळसदेवचं जुनं, दगडी मंदिर वर येतं. गाव हलवलं, देव हलवला, मंदिर तिथेच राहिलं. ते उघडं पडलं की बघ्यांची झुंबड उडते. दुष्काळाची ही सहल मला जरा खटकते, पण शिखराजवळचं कोरीव काम पाहिल्यावर मीही काही मागे हटलो नाही.

तक्रारी करायच्या तर बऱ्याच आहेत. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथेच येतं. त्यावर पोसलेली जलपर्णी काठाकाठाने पसरलेली दिसते. स्वच्छतागृह विचारलं तर ओळखीच्या घराकडे बोट दाखवलं जातं. लाइफ जॅकेट मागितल्याशिवाय मिळेल याची खात्री नाही. मे २०२४ मध्ये याच जलाशयात, कुगाव-कळाशी दरम्यान, वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण बुडाले. त्यामुळे जॅकेट हट्टाने मागावं, आणि दुपारी वारा उठायच्या आत काठाला लागावं. ड्रोन मात्र घरीच ठेवावा. त्याने थवाच्या थवा बिथरतो, आणि पोटभर खाल्ल्याशिवाय लांबचा प्रवास या पाहुण्यांना झेपत नाही.

होडीतून उतरलं की भूक सपाटून लागते. काठावरच्या घरगुती खाणावळीत मच्छी थाळी मिळते: तिखट रस्सा, तळलेली चिलापी, बाजरीची भाकरी. चिलापी परदेशी मासा, जलाशयात इतका माजलाय की देशी माशांना जागा उरली नाही, अशी जुन्या मासेमारांची कुरकुर आहे. चवीला मात्र नावं ठेवता आली नाहीत. मरळ खायची असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, आणि तरीही ती जाळ्यात सापडली तरच.